पिस्तुलाच्या रीलोडिंगसाठी पहिली पावडर कोणती घ्यावी?

अमेरिकेत रीलोडिंग, म्हणजे झाडलेल्या काडतुसाच्या पुंगळीत (धातूच्या कवचात) नवी पावडर आणि बुलेट घालून ते पुन्हा तयार करणं, सुरू करणाऱ्याचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: ९ एमएम, ३८ स्पेशल आणि ४५ एसीपी, या तिन्ही काडतुसांना चालेल अशी एकच पावडर सांगा. सरळ उत्तर द्यायचं तर विंचेस्टर २३१ घ्या, नाहीतर हॉजडनची एचपी-३८. दोन्ही डब्यांत पावडर एकच असते, त्यामुळे जो डबा स्वस्त मिळेल तो उचला. पण हीच का, हे समजून घेतलं तर पुढची पावडर निवडताना कुणाला विचारावं लागणार नाही.

त्याआधी कायद्याचं बघू. भारतात शस्त्र अधिनियम, १९५९ प्रमाणे दारूगोळा बनवायला परवाना लागतो, आणि काडतुसाचे सुटे भाग व ते बनवायची यंत्रंही याच कायद्याच्या कक्षेत येतात. म्हणजे हा घरी करायचा छंद नाही. अमेरिकेत असलात तर आधी स्वतःचा व्हिसा बघा. एच-१बी किंवा एफ-१ वर असलेल्यांना बंदूक आणि दारूगोळा जवळ बाळगायला केंद्रीय कायद्याने सर्वसाधारणपणे मनाई आहे. वैध शिकारीचा परवाना असण्यासारखे मोजके अपवाद आहेत. त्या कायद्याच्या व्याख्येत रिकामी पुंगळी, प्रायमर (पावडर पेटवणारी बुडाची टोपी), बुलेट (नळीतून सुटणारी गोळी) आणि पावडर हे सगळं दारूगोळाच आहे. ग्रीन कार्डधारकांना ही मनाई लागू नाही, पण त्यांनी आपल्या राज्याचे नियम पाहावेत.

आता पावडर. पिस्तुलाची नळी आखूड असते, म्हणून तिला रायफलपेक्षा झपाट्याने जळणारी पावडर लागते. या झपाट्याचे तक्ते मिळतात, पण त्यात फक्त क्रम असतो. शेजारी-शेजारी असलेल्या दोन पावडरींत किती फरक आहे, ते तक्ता सांगत नाही. म्हणून तक्त्यावरून माप ठरवायचं नाही, कधीच नाही. माप उत्पादकाच्या चालू मॅन्युअलमधून घ्यायचं, तेही त्याच वजनाच्या आणि त्याच प्रकारच्या बुलेटसाठी दिलेलं. या लेखात मापं दिलेली नाहीत ती याच कारणाने.

नवशिक्याने सगळ्यात जास्त लक्ष द्यावं ते पुंगळी किती भरते याकडे. ३८ स्पेशल हे काळ्या दारूच्या जमान्यातून आलेलं काडतूस, त्यामुळे पुंगळी लांब आणि आतली जागा ऐसपैस. आजची दाट पावडर तिच्यात तळाशी जेमतेम पसरते. हॉजडनच्या टाइटग्रुपचं उदाहरण बघा: थोडीशीच लागते, मापात छान पडते, म्हणून स्वस्त पडते. पण ३८ च्या पुंगळीत तिची दुप्पट मात्रा पडली तरी वरून बघणाऱ्याला पटकन कळत नाही. दुप्पट मात्रेने बंदूक फुटते, हाताला आणि डोळ्यांना इजा होते. या एकाच कारणासाठी टाइटग्रुप पहिली पावडर म्हणून घेऊ नये, मग कितीही जणांनी तिची तारीफ करो. ९ एमएमची पुंगळी लहान असते. तिच्यात २३१ ची दुप्पट मात्रा जवळजवळ काठापर्यंत येते आणि डोळ्यांत भरते. युनिक नावाची पावडर तर इतकी फुललेली असते की दुप्पट झाली तर ९ एमएममधून बाहेर सांडते. ३८ मध्ये मात्र युनिकसुद्धा सांडत नाही, तिथे डोळ्यांवाचून दुसरा पहारेकरी नाही. पन्नास पुंगळ्या लाकडी ठोकळ्यात उभ्या करा, बुलेट बसवण्याआधी टॉर्चचा झोत वरून धरा आणि ओळीने बघत जा. एखादीत पातळी वर किंवा खाली वाटली की ती ओतून पुन्हा वजन करा.

दुसरा मुद्दा पावडर मेझरमधून (मात्रा मोजून टाकणाऱ्या यंत्रातून) ती कशी पडते हा. २३१ ही बॉल पावडर, दाणे बारीक आणि घसरणारे. युनिकच्या चकत्या मोठ्या; त्या मेझरच्या नळीच्या तोंडाशी आडव्या अडकतात, मग एक मात्रा कमी पडते आणि पुढचीत ती भर येते. मात्रा चारेक ग्रेनची (ग्रेन हे पावडर तोलायचं बारीक एकक) असेल तर ०.१ ग्रेनचा फरकही अडीच टक्क्यांचा होतो. मेझर नव्याने भरल्यावर पहिल्या दहा मात्रा परत डब्यात टाका, पावडर खाली बसू द्या. पुढच्या दहा एकत्र तोलून सरासरी काढा, शिवाय काही सुट्याही तोला, कारण सरासरी बरोबर दिसूनही एक जास्त आणि एक कमी असू शकते. तराजू चेक-वेटने (नेमक्या ठाऊक वजनाने) तपासलेला हवा. हँडल दर वेळी सारख्याच जोराने मारायचं. हात बदलला की माप बदलतं.

पैशाचं गणित सोपं आहे. एका पौंडात ७,००० ग्रेन. मात्रा ५ ग्रेन धरली तर १,४०० काडतुसं, ४ धरली तर १,७५०. झपाट्याची पावडर घेऊन दर काडतुसामागे जे वाचतं ते बुलेट आणि प्रायमरच्या खर्चापुढे नगण्य असतं.

३५७ किंवा ४४ मॅग्नमच्या पूर्ण ताकदीच्या काडतुसांची अपेक्षा मात्र २३१ कडून ठेवू नका. तिथे सहसा हॉजडनची एच-११० वापरतात (विंचेस्टर २९६ म्हणजे तीच), आणि तिचं माप मनाने कमी करता येत नाही. फार उतरवलं तर ती नीट पेटत नाही आणि बुलेट नळीतच अडकते. बार नेहमीपेक्षा दबका वाटला की तिथेच थांबा. बंदूक रिकामी करा, नळीतून सळई घालून रस्ता मोकळा आहे ना ते बघा. अडकलेल्या बुलेटमागे दुसरी झाडली तर नळी जाते.

सुरुवात मॅन्युअलमधल्या सर्वांत खालच्या मापाने करा. तिथून थोडं थोडं चढत जा आणि बंदूक नीट चालली, नेम जमला की थांबा. कमाल मापाशी पोचायची काही गरज नाही. ९ एमएममध्ये बुलेट किती खोल बसते त्याला फार महत्त्व आहे. पुंगळी लहान असल्याने जराशी जास्त आत गेली तरी दाब झपकन वाढतो, आणि या काडतुसाची मर्यादाच ३५,००० पीएसआय (पौंड प्रति चौरस इंच) आहे. ३८ स्पेशलची १७,०००. म्हणून कॅलिपरने एकूण लांबी मोजा, आणि तयार काडतूस टेबलाच्या कडेवर अंगठ्याने दाबून बघा. बुलेट आत सरकली तर पकड सैल आहे. पावडरचा लॉट (कारखान्यातली खेप) बदलला तर पुन्हा खालून चढा.

टेबलावर एका वेळी एकच डबा. काम संपलं की मेझरमधली पावडर त्याच डब्यात परत, कारण सकाळी मेझरमध्ये कोणती पावडर उरली होती हे कुणालाच छातीठोकपणे सांगता येत नाही. ओळख न पटलेली पावडर वापरायची नाही. डबा मूळचाच ठेवा, थंड आणि कोरड्या जागी. झाकण उघडताच उग्र आंबूस वास आला किंवा तांबूस वाफ दिसली तर पावडर बिघडली आहे. एनएफपीए या अमेरिकी अग्निसुरक्षा संस्थेच्या नियमाप्रमाणे घरात मूळ डब्यांत २० पौंडांपर्यंत ठेवता येते, त्यापुढे ५० पर्यंत किमान एक इंच जाडीच्या लाकडी पेटीत. कपाट लोखंडी तिजोरीसारखं घट्ट नको. आग लागली तर पावडरीचा दाब बाहेर पडायला वाट हवी.