घरी पक्ष्यांची पैदास करावी का, हे ठरवताना

नर-मादीची जोडी जमली म्हणजे पिल्ले हवीतच असे नाही. म्हणून पिंजऱ्यात घरट्याची पेटी लावण्यापूर्वी, जन्मणारे प्रत्येक पिल्लू कोणाकडे जाईल आणि कोणीच नेले नाही तर ते आपल्याला आयुष्यभर सांभाळता येईल का, याचे प्रामाणिक उत्तर शोधावे. बजी या लहान पोपटाची मादी एका खेपेस साधारण ४ ते ६ अंडी घालते, त्यामुळे एकच पिंजरा असलेल्या घरात जागा लवकरच अपुरी पडते.

माझ्या मते मादीची प्रकृती हाच निर्णायक मुद्दा आहे. वर्षाहून लहान, लठ्ठ किंवा कॅल्शियमची कमतरता असलेल्या मादीचे अंडे आत अडकू शकते आणि वेळेवर उपचार न मिळाल्यास ती दगावते. पक्ष्यांवर उपचार करणारा पशुवैद्य जवळपास नसेल, तर हा विचार सोडून द्यावा. सख्खी भावंडे जोडीला लावू नयेत. आईबापांनी टाकलेल्या लहान पिल्लाला दर दोन-तीन तासांनी हाताने भरवावे लागते, हेही आपल्या दिनक्रमाशी ताडून पाहावे.

पैदास नको असतानाही मादी अंडी घालू लागली, तर अंडी नुसती उचलू नयेत, कारण ती नाहीशी झाल्यावर मादी त्यांच्या जागी नवी घालते. त्याऐवजी खोटी अंडी ठेवावीत आणि तिने ती उबवणे सोडल्यावर पेटी काढावी.