अमेरिकी पोलिसांची जुनी रिव्हॉल्व्हरं कशी जमवावीत: आधी कागद, मग किस्सा

विकणारा किस्सा सांगू लागला की मी रिव्हॉल्व्हर उलटं करून मुठीचा तळ बघतो. ही सवय मला पैसे मोजून लागली आहे. ओहायोतल्या एका गन शोमध्ये पहिलंच रिव्हॉल्व्हर घेतलं, तेव्हा टेबलामागच्या काकांनी छातीठोकपणे सांगितलं होतं, की हे शिकागोच्या एका डिटेक्टिव्हचं, वीस वर्षं त्याच्या कमरेला होतं. त्या किश्शापायी मी दीडपट पैसे दिले. पुढे कारखान्याचं पत्र मागवलं, तर ते टेक्सासमधल्या एका हार्डवेअरच्या घाऊक व्यापाऱ्याकडे रवाना झालेलं निघालं. त्यामुळे किस्सा खोटा ठरत नाही, कारण पोलिस खाती आणि पोलिसही अशा व्यापाऱ्यांमार्फतच खरेदी करत. पण खराही ठरत नाही. दीडपट पैसे मात्र गेले ते गेलेच.

आपल्याकडे सर्व्हिस रिव्हॉल्व्हर सरकारजमा होतं, शस्त्रागारात परत जातं. अमेरिकेत तसं नाही. निवृत्त होणाऱ्याला स्वतःचं हत्यार विकत घेऊ देण्याची पद्धत बऱ्याच खात्यांत आहे. शिवाय खात्याने नवी पिस्तुलं घेतली की जुनी रिव्हॉल्व्हरं बदल्यात व्यापाऱ्याला जातात. ११ एप्रिल १९८६ रोजी मायामीत एफबीआयचे दोन एजंट चकमकीत मारले गेले आणि सहा गोळ्यांचं रिव्हॉल्व्हर पुरतं का, हा वाद पेटला. न्यूयॉर्कच्या पोलिसांना १९९३ पासून ९ मिलिमीटरची पिस्तुलं मिळू लागली. त्या काळात गावोगावच्या खात्यांनी मोडीत काढलेला माल आजही बाजारात फिरतो आहे.

पहिलं काम: आपल्याला घेता येतं का ते बघा

एच-१बी किंवा विद्यार्थी व्हिसावर असाल तर इथेच थांबा. नॉनइमिग्रंट व्हिसावरच्या माणसाला तिथल्या केंद्रीय कायद्याने बंदूक बाळगता येत नाही. शिकारीचा परवाना असलेल्यांसारखे काही अपवाद आहेत, पण त्यांच्या भरवशावर वकिलाला न विचारता पाऊल टाकू नका. मित्राच्या नावावर घेऊन आपल्याकडे ठेवणं हा तर सरळ गुन्हा आहे. ग्रीन कार्ड असेल तर केंद्रीय कायद्याची आडकाठी नाही. परवानाधारक दुकानदाराकडून हँडगन घ्यायला वयाची २१ वर्षं पूर्ण लागतात, ४४७३ क्रमांकाचा फॉर्म भरावा लागतो आणि पार्श्वभूमी तपासली जाते.

त्यावर पुन्हा राज्याचे नियम. एडिसनमधल्या मराठी माणसाला न्यू जर्सीचा हँडगन खरेदीचा वेगळा परवाना काढावा लागेल. टेक्सासमधल्या चुलतभावाला तसलं काही लागत नाही, म्हणून त्याचा सल्ला ऐकू नका.

संग्रह वाढवायचाच असेल तर एटीएफ या केंद्रीय खात्याचा ‘क्युरिओ अँड रेलिक’ परवाना काढा. तीन वर्षांना ३० डॉलर. मूळ रूपातली, ५० वर्षांहून जुनी हत्यारं त्यावर दुसऱ्या राज्यातूनही थेट मागवता येतात. मात्र प्रत्येक खरेदी-विक्रीची नोंदवही ठेवावी लागते आणि राज्याचा कायदा सुटत नाही तो नाहीच.

संग्रह भारतात न्यायचा विचार सोडून द्या. .३८ मापाचं काडतूस वापरणारं हत्यार आपल्याकडे प्रतिबंधित बोअरमध्ये (बंदी असलेल्या मापांत) मोडतं आणि २०१९ च्या दुरुस्तीनंतर एका माणसाला दोनच बंदुका ठेवता येतात. बॅगेच्या कप्प्यात विसरलेलं एक काडतूससुद्धा मुंबईच्या विमानतळावर गुन्हा नोंदवायला पुरतं.

काय जमवायचं ते ठरवा

सगळंच गोळा करायला गेलात तर घराचं भंगारचं दुकान होईल. एक धागा पकडा. माझ्या मते नवख्याने स्मिथ अँड वेसन कंपनीच्या ‘मिलिटरी अँड पोलिस’ या रिव्हॉल्व्हरपासून सुरुवात करावी. १८९९ मध्ये ते आलं, १९५७ पासून ‘मॉडेल १०’ म्हणून ओळखलं जाऊ लागलं आणि एकूण साठ लाखांच्या वर बनलं. दिसायला साधं, .३८ स्पेशल काडतुसाचं, बहुधा चार इंची नळीचं. मुबलक आहे, म्हणून चूक झाली तरी खिसा फाटत नाही.

दुसरं घराणं कोल्टचं. थिओडोर रुझवेल्ट राष्ट्राध्यक्ष होण्याआधी न्यूयॉर्कच्या पोलिस मंडळाचे अध्यक्ष होते. त्यांनी १८९६ मध्ये आपल्या शिपायांसाठी .३२ चं कोल्ट ‘न्यू पोलिस’ ठरवून दिलं; तोवर ज्याला जे मिळेल ते तो वापरत होता. पुढे १९२७ ते १९६९ ‘ऑफिशियल पोलिस’ चाललं. दोन घराणी डोळे मिटूनही ओळखता येतात. सिलिंडर, म्हणजे काडतुसांचं फिरतं नळकांडं, उघडायचा खटका कोल्टमध्ये मागे ओढावा लागतो, स्मिथमध्ये पुढे ढकलावा लागतो. घोडा (चाप नव्हे, काडतुसावर आदळणारा मागचा भाग) ओढला की कोल्टचं सिलिंडर घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरतं, स्मिथचं उलट.

दुसऱ्या महायुद्धातली ‘व्हिक्टरी’ मॉडेलं जपून घ्या. सिरियल नंबराआधी ‘व्ही’ असतो. ब्रिटिश सैन्यासाठी वेगळ्या काडतुसाची बनवलेली अनेक रिव्हॉल्व्हरं युद्धानंतर परत आली आणि कुणीतरी त्यांची भोकं खोल करून ती .३८ स्पेशलची केली, नळ्याही कापल्या. दुकानात ती छान दिसतात. मी घेत नाही.

हातात घेतल्यावर

आधी विचारा, मग उचला. चापावर बोट नको. सिलिंडर उघडून सहाही भोकं रिकामी आहेत हे डोळ्यांनी बघा. विकणाऱ्याने आताच दाखवलं असेल तरी पुन्हा बघा.

मग निवांत वाचायला घ्या. नळीच्या तोंडाजवळ आणि सिलिंडरच्या कडांवर काळा मुलामा उडून पांढरं लोखंड दिसत असेल, तर ते बहुधा होल्स्टरमध्ये रोज घालण्या-काढण्याने झालेलं असतं. पोलिसाच्या हत्याराला ही झीज शोभते. त्याउलट सगळं चकचकीत असेल आणि कोरलेली अक्षरं पुसट, कडा गोल झालेल्या असतील, तर नंतर मुलामा चढवलाय. स्मिथचा घोडा आणि चाप मूळचे राखाडी-तपकिरी झाक असलेले असतात. तेही काळे दिसले की समजा कुणाचा तरी हात फिरलाय. मुठीच्या तळाशी नंबराजवळ छोटा तारा असेल तर ते दुरुस्तीसाठी कारखान्यात परत गेलं होतं.

सिरियल नंबर एकाच जागी नसतो. जुन्या स्मिथवर तो मुठीच्या तळाला, सिलिंडरच्या मागच्या बाजूला, नळीच्या खाली आणि उजव्या लाकडी मुठीच्या आतही सापडतो. सगळे जुळले तर उत्तम. मॉडेल नंबर बघायचा तर सिलिंडर बाहेर काढल्यावर जी खाच दिसते तिथे.

खात्याची खूण बहुधा मुठीच्या मागच्या पट्टीवर असते: शहराची आद्याक्षरं, कधी नुसता आकडा. हा आकडा शस्त्रागारातला क्रमांक असू शकतो किंवा शिपायाचा बिल्ला. कोणता ते हत्यार सांगत नाही, कागद सांगतो. आणि ठसे मारायचे पंच कुणालाही मिळतात. ठशाच्या खाचेत मुलामा शाबूत आहे की ताजं लोखंड चमकतंय, एवढं भिंगातून बघितलं तरी बऱ्याच लबाड्या उघड्या पडतात.

किस्सा कसा शोधायचा

स्मिथ अँड वेसनच्या जुन्या नोंदी सांभाळणारी संस्था आणि कोल्टचं अभिलेखागार, दोघेही फी घेऊन सिरियल नंबरावरून पत्र देतात: कधी रवाना झालं, कोणाकडे, नळी किती इंची, मुलामा कोणता. माझ्या बाबतीत झालं तसं इथे घाऊक व्यापाऱ्याचं नाव निघालं तरी हिरमुसू नका. ज्या खात्याची खूण आहे तिथे सार्वजनिक नोंदींच्या कायद्याखाली अर्ज करा. नेमका नंबर द्या आणि एकच प्रश्न विचारा: हे कोणाला दिलं होतं? ‘सगळी माहिती द्यावी’ असं लिहिलंत की अर्ज धूळ खातो, हे माहितीचा अधिकार वापरलेल्यांना सांगायला नको. कागद नष्ट झाले असतील तर निवृत्तांच्या संघटना आणि शहराच्या ग्रंथालयातली जुनी वर्तमानपत्रं उरतात.

माणूस सापडला तर आधी पत्र लिहा, एकदम फोन नको. एखाद्या घरात त्या रिव्हॉल्व्हरची आठवण चांगली नसते. नको म्हणाले तर विषय तिथेच सोडा.

किश्शांना पाय फुटतात ते कसे, याचा मोठा नमुना न्यूहॉलचा आहे. १९७० च्या एप्रिलमध्ये कॅलिफोर्नियात हायवे पेट्रोलचे चार जण एका रात्रीत मारले गेले. त्यातल्या एकाने सरावातल्या सवयीने रिकामी काडतुसं खिशात ठेवली आणि तेवढ्यात घात झाला, असं पोलिस प्रशिक्षणात वर्षानुवर्षं सांगितलं गेलं. नंतर कागद तपासणाऱ्यांपुढे ते टिकलं नाही. खुद्द पोलिसांनाच खोटा किस्सा पटू शकतो, मग टेबलामागच्या काकांचं काय घेऊन बसलात.

सांभाळताना

मूळ चामड्याचं होल्स्टर मिळालं तर जरूर घ्या, पण रिव्हॉल्व्हर त्यात घालून ठेवू नका. चामडं कमावताना वापरलेली द्रव्यं आणि त्यात मुरणारी ओल लोखंडाला गंज चढवतात. दोन्ही वेगवेगळी ठेवा, लोखंडावर तेलाचा अगदी पातळ हात फिरवा, लाकडी मुठीला तेल लागू देऊ नका. कपाट कुलपाचं हवं, काडतुसं दुसरीकडे. पॉलिश करण्याचा मोह आवरा. ती झीज पुन्हा आणता येत नाही.

प्रत्येक रिव्हॉल्व्हरमागे एक पाकीट ठेवा: पावती, कारखान्याचं पत्र, फोटो, आणि कोणी काय सांगितलं ते तारखेसकट. माझ्या पहिल्या पाकिटात टेक्सासच्या व्यापाऱ्याचं नाव असलेलं पत्र आहे आणि त्यामागे काकांचा शिकागोचा किस्सा, पेन्सिलने लिहिलेला. वर कोपऱ्यात लिहिलंय: ‘ऐकीव’.