विंडोजमधून पेंट, फोटोज, मीडिया प्लेअर काढताय? या चुका टाळा

सोलापुरात फॉर्म भरून देणाऱ्या, लग्नपत्रिका आणि फ्लेक्स करणाऱ्या दुकानांतले पीसी बरेचदा जुनेच. चार जीबी रॅम, फिरणारी हार्डडिस्क. मग यूट्यूबवर कुणीतरी सांगतो, "विंडोजमधलं फालतू सगळं उडवा, मशीन पळेल," आणि पहिली कुऱ्हाड पेंट, फोटोज, मीडिया प्लेअरवर पडते. मशीन काही पळत नाही. बंद पडून असलेलं पेंट रॅम खात नाही आणि डिस्कवर जागाही किरकोळच घेतं. जागाच हवी असेल तर विंडोज डॉट ओल्ड (अपग्रेडनंतर राहिलेल्या जुन्या विंडोजचं) फोल्डर आणि टेम्पररी फायली साफ करा, हायबरनेशन, म्हणजे रॅममधलं सगळं डिस्कवर ठेवून पीसी बंद करायची सोय, बंद करा. त्याची फाइल एकटीच साधारण रॅमच्या 40 टक्के असते.

अडचण कळते ती गिऱ्हाईक समोर उभं राहिल्यावर. भरतीच्या फॉर्मची शेवटची तारीख, फोटो 50 केबीच्या आत हवा, बाहेर रांग. एरवी पेंटमध्ये कंट्रोल डब्ल्यू दाबून, फोटोचा आकार कमी करून अर्ध्या मिनिटात होणारं काम, आणि आता जेपीजीवर डबल क्लिक केलं तर 'कशात उघडू?' असा प्रश्न.

सगळ्यात महागात पडते ती पॉवरशेलची (विंडोजला हुकूम टाइप करून द्यायच्या खिडकीतली) एका ओळीची कमांड, सगळी ॲप एकदम काढणारी. तिच्यात मायक्रोसॉफ्ट स्टोअरही जातं, मग फोटोज परत घ्यायचं कुठून? डब्ल्यूएसरीसेट या विंडोजमधल्याच स्टोअर रीसेट करणाऱ्या कमांडला '-आय' जोडून चालवा, स्टोअर बहुतेक वेळा परत येतं. आयफोनचे हेइफ प्रकारातले फोटो उघडणारं हेइफ एक्स्टेन्शनही त्याच झाडूत जातं. आयफोनमधून केबलने घेतलेले नवरा-नवरीचे फोटो उघडत नाहीत ते त्यामुळे. काढायचंच असेल तर एकेक ॲप, सेटिंग्जमधून काढा. नवा यूजर केल्यावर तेच ॲप परत दिसलं तर घाबरू नका. ते फक्त तुमच्या खात्यातून गेलं होतं, मूळ प्रत विंडोजकडे असतेच.

सिस्टम32 या विंडोजच्या मुख्य फोल्डरमधल्या डीएलएलना, म्हणजे अनेक प्रोग्रॅम मिळून वापरतात त्या फायलींना, मात्र हात लावायचा नाही. फायलीची ओनरशिप (मालकी हक्क) स्वतःकडे घेऊन डिलीट करणारे महाभाग आहेत! 'एमएफप्लॅट डॉट डीएलएल मिसिंग' असा एरर आला म्हणजे मीडिया फाउंडेशन, विंडोजचा ऑडिओ-व्हिडिओ चालवणारा भाग, गेलं. त्यावर चालणारे कॅमेरा ॲप आणि व्हिडिओ एडिटर बंद पडले. ही डीएलएल भलत्या साइटवरून उतरवू नका. आधी विंडोजची आवृत्ती बघा. नावात 'एन' असेल तर कुणी काही काढलेलंच नाही: युरोपियन कमिशनच्या 2004 च्या निर्णयामुळे आलेली ही आवृत्ती मीडिया प्लेअरविनाच असते. सेटिंग्जमधल्या ऑप्शनल फीचर्समधून मीडिया फीचर पॅक टाका, रीस्टार्ट करा.

स्क्रीनवरची अक्षरं एकदम ढोबळ झाली असतील तर बहुधा डिस्प्ले ड्रायव्हर, म्हणजे स्क्रीन चालवणारं सॉफ्टवेअर, उडालाय. लॅपटॉप किंवा मदरबोर्ड बनवणाऱ्याच्या साइटवरून तो परत टाका.

बाकी बिघाडासाठी ॲडमिन कमांड प्रॉम्प्टमध्ये आधी डिझमचं रिस्टोअरहेल्थ, मग एसएफसी स्कॅननाऊ चालवा; दोन्ही विंडोजच्या बिघडलेल्या फायली दुरुस्त करणाऱ्या कमांड. तरी नाहीच सुधारलं तर त्याच विंडोजची आयएसओ (इन्स्टॉल करायची पूर्ण फाइल) चालू विंडोजमध्येच उघडून सेटअप चालवा आणि 'फायली आणि ॲप ठेवा' निवडा. त्याआधी टॅलीचा डेटा पेनड्राइव्हवर काढून घ्या.