नवजात बाळाची तपासणी : जन्मजात व्यंग कसे शोधावे

दुभंगलेला ओठ किंवा वाकडा पाय प्रसूतिगृहातील कोणाच्याही लक्षात येतो. निसटतात ती तोंडातील टाळू, गुदद्वार, डोळे, खुबे आणि हृदय यांतील व्यंगे, कारण ती उजेड टाकून, हात लावून शोधावी लागतात. म्हणून पहिल्या चोवीस तासांत आणि घरी सोडण्यापूर्वी पुन्हा एकदा, उबदार जागी, आईच्या समोर, टोपरे, दुपटे आणि लंगोट काढूनच बाळ तपासावे.

डोक्यापासून पायापर्यंत हा क्रम नोंदीसाठी ठीक आहे; प्रत्यक्षात मात्र बाळ निजलेले असेपर्यंत हृदय ऐकून दोन्ही जांघांतील नाडी चाचपून घ्यावी, आणि रडवणारी खुब्यांची तपासणी शेवटी ठेवावी. जांघेतील नाडी क्षीण लागल्यास महाधमनी, म्हणजे हृदयातून निघणारी मुख्य रक्तवाहिनी, अरुंद असल्याची शंका घ्यावी. हृदयात मरमर (ठोक्यांच्या मधला जादा आवाज) ऐकू आली नाही म्हणजे हृदय निर्दोष, असे समजू नये. चोवीस तासांनंतर उजव्या हाताला आणि एका पायाला पल्स ऑक्सिमीटर लावावा. कोठेही ९० टक्क्यांहून कमी ऑक्सिजन दिसल्यास बाळाला तातडीने तज्ज्ञांकडे पाठवावे.

डोळ्यांसाठी खोली अंधारी करावी. पापण्या ओढण्यापेक्षा बाळाला उभे धरून हलकेच पुढे-मागे झुकवले, की ते बहुधा आपणच डोळे उघडते. ऑफ्थॅल्मोस्कोपच्या (डोळ्याच्या आत पाहण्याच्या उपकरणाच्या) प्रकाशात दोन्ही बाहुल्यांतून सारखीच तांबूस झाक दिसली पाहिजे. ती पांढरी दिसली किंवा दिसलीच नाही, तर मोतीबिंदूची शंका घेऊन नेत्रतज्ज्ञांना लगेच दाखवावे, कारण दाट मोतीबिंदूची शस्त्रक्रिया पहिल्या सहा ते आठ आठवड्यांत झाली तरच दृष्टी नीट घडण्याची आशा असते.

आपल्याकडे ‘टाळू पाहिली’ म्हटले की घरच्यांना डोक्यावरची टाळू वाटते, त्यामुळे येथे बोलताना आणि लिहिताना ‘तोंडातील टाळू’ असेच म्हणावे. तिच्यावरून नुसते बोट फिरवून थांबू नये. मागील मऊ भागातील फट बोटाला जाणवेलच असे नाही. जीभ दाबून, टॉर्चच्या उजेडात थेट पडजिभेपर्यंत पाहावे. तोंडातून सतत फेस येत असेल, विशेषतः गर्भजल जास्त होते अशी नोंद असेल, तर दूध पाजण्याआधी तोंडावाटे नळी घालून पाहावी. ती सुमारे दहा सेंटिमीटरवर अडल्यास अन्ननलिका बंद असण्याची शक्यता असते.

‘शी झाली’ एवढ्या उत्तरावर गुदद्वाराची नोंद करू नये. गुदमार्ग बंद असलेल्या मुलींमध्ये काळी शी योनिमुखाजवळच्या लहान छिद्रातून येऊ शकते आणि लंगोट भरलेला पाहून सगळेच निर्धास्त होतात. कुल्ले अलग करून छिद्र आहे ना, आणि जागेवर आहे ना, हे डोळ्यांनी पाहावे. तेथेच बाळाला पालथे करून पाठ पाहावी : निळसर डाग निरुपद्रवी असतात, पण कण्यावरील केसांचा झुपका किंवा खोल खळगा असल्यास सोनोग्राफी करावी. दोन्ही वृषणे हाताला लागत नसतील, तर बाह्य रूपावरून ‘मुलगा झाला’ असे सांगण्याची घाई करू नये.

खुबे एकेक करून तपासावेत. सांधा सरकल्याचा ठोका हाताला जाणवतो, तो कानांनी ऐकायचा नसतो. पायाळू बाळाचे खुबे ठीक वाटले तरी सहाव्या आठवड्यात सोनोग्राफी सुचवावी.

व्यंग आढळल्यास आई-वडिलांना एकत्र बसवून, बाळ जवळ ठेवून सांगावे, आणि ग्रहणात आईने काही चिरल्यामुळे ओठ फाटला असे कोणी म्हणाल्यास ते तिथल्या तिथे खोडून काढावे.