साथीच्या दिवसांत फळं धुताना

फळं साबणाने धुऊ नका. सॅनिटायझर, ब्लीच तर नकोच. सालीच्या बारीक छिद्रांतून साबण आत मुरू शकतो आणि मग मळमळ, जुलाब होऊ शकतात. म्हणजे विषाणूच्या भीतीने नवंच दुखणं!

आधी स्वतःचे हात साबणाने २० सेकंद धुवा. खरं काम तिथेच होतं. मग फळं वाहत्या पाण्याखाली चोळून घ्या. खरबुजासारख्या खरखरीत सालीला स्वच्छ ब्रश लावा. साल काढून खायची असली तरी आधी धुवाच, नाहीतर सुरीबरोबर वरची घाण आत जाते. कोरड्या फडक्याने पुसा. द्राक्षं, स्ट्रॉबेरी मात्र खायच्या वेळीच धुवा, ओली ठेवली की लवकर बुरशी धरतात.