‘तंबाखू नाही, साधा खर्रा’: नागपुरात तोंडाच्या कॅन्सरच्या मार्करवर काम सुरू करताना

बायोटेक्नॉलॉजीत एम.एस्सी. करून मी नागपुरात डोके-मानेच्या कॅन्सरचे मार्कर, म्हणजे गाठीची ओळख सांगणाऱ्या रेणूंच्या खुणा, शोधणाऱ्या एका प्रकल्पावर रुजू झाले, तेव्हा मला पीसीआर मशीनसमोरची खुर्ची हवी होती. ती मिळायला तीन महिने गेले. तोवर हातात रुग्णांच्या माहितीचे फॉर्म देऊन मला ओपीडीबाहेरच्या बाकावर बसवलं. तेव्हा मी खट्टू झाले होते. आता या क्षेत्रात येणाऱ्या मुलामुलींना मीच सांगते, सुरुवात त्या बाकावरून करा.

फॉर्मवर प्रश्न होता, ‘तंबाखूचं व्यसन आहे का?’ साठीच्या आसपासचे एक काकाजी समोर होते, डाव्या गालात आतून चिघळलेली जखम. ‘नाही’ म्हणाले, मी टिक केली. फॉर्म उलटता उलटता सहज विचारलं, ‘काहीच खात नाही, काकाजी?’

‘तंबाखू नाही जी म्याडम. साधा खर्रा खातो.’

मी इथेच वाढलेली. सुपारीचा चुरा, तंबाखू आणि चुना पन्नीत घालून घोटला की खर्रा होतो, हे लहानपणापासून पाहिलेलं. तरीही तो प्रश्न मी चाळीसेक जणांना तसाच विचारला होता. त्या रात्री सगळे फॉर्म काढून बसले आणि पुढचे दोन आठवडे एकेकाला फोन करत गेले. ‘नाही’ लिहिलेल्यांपैकी बरेच जण खर्रा खाणारे निघाले, दोन बाया दातांना गुडाखू, म्हणजे तंबाखूची पेस्ट, घासणाऱ्या निघाल्या. ही चूक तशीच राहिली असती तर आमच्या तक्त्यात ‘व्यसन नसलेल्यांचा कॅन्सर’ असा एक गटच तयार झाला असता. त्या गटात तंबाखूनं घडवलेली म्युटेशन, म्हणजे जनुकांतले बदल, दिसली असती आणि आम्ही त्याची भलतीच कारणं शोधत बसलो असतो.

म्हणून आता मी विचारते: खर्रा खाता का, दिवसाला किती पुड्या, एकटे की वाटून, कोणत्या गालात धरता, रात्री तोंडात ठेवून झोपता का, कितव्या वर्षी सुरू केला. गाल विचारला की माणूस बोटानं जागा दाखवतो, आणि बहुतेक वेळा गाठ तिथेच असते. ‘दिवसाला दोन’ म्हणजे नेमकं किती, हे कळावं म्हणून मी एकदा प्रयोगशाळेतला छोटा काटा घेऊन मेडिकल चौकाकडच्या पानठेल्यांवर गेले होते. एका ठेल्यावरची पुडी दुसऱ्याच्या जवळजवळ दीडपट भरली. ठेलेवाल्या दादानं पाटीवर पन्नी ठेवून तळहातानं घोटून दाखवलं: चुना वितळतो, सुपारी ओलसर होते, तंबाखूचा वास डोळ्यांना झोंबतो. पुड्यांची संख्या हे मोजमाप किती ढोबळ आहे, ते त्या दिवशी मला पटलं.

आता रेणूंकडे. सुपारी निरुपद्रवी आहे असं अजूनही अनेकांना वाटतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संशोधन संस्थेच्या २००४ च्या अहवालात तंबाखूशिवायची सुपारीसुद्धा पहिल्या गटातला, म्हणजे माणसात निश्चित कॅन्सर घडवणारा पदार्थ म्हणून नोंदलेली आहे. सुपारीतलं अरेकोलिन तोंडाच्या अस्तराखालच्या पेशींना कोलॅजन बनवायला लावतं. तिच्यातलं तांबं लायसिल ऑक्सिडेज या विकराला (एन्झाइमला) बळ देतं, आणि तो विकर कोलॅजनचे धागे एकमेकांना घट्ट बांधतो. गाल चामड्यासारखा होतो, तोंड उघडेनासं होतं. हा सबम्युकस फायब्रोसिस. तंबाखूतली एनएनएन आणि एनएनके ही नायट्रोसामाइन्स डीएनएला चिकटतात, आणि त्यातून होणाऱ्या बिघाडात सगळ्यात जास्त सापडणारं नाव म्हणजे टीपी५३ हे जनुक. २०१५ साली अमेरिकेच्या टीसीजीए या कॅन्सरच्या जनुकांवरच्या प्रकल्पानं डोके-मानेच्या २७९ गाठींचा अभ्यास प्रसिद्ध केला, त्यात एचपीव्ही हा विषाणू नसलेल्या गाठींपैकी ८४ टक्क्यांत टीपी५३ बिघडलेलं होतं. तो जरूर वाचा, पण त्याआधी भारतीय गटाचा २०१३ चा गाल-हिरडीच्या कॅन्सरवरचा अभ्यास वाचा. टीपी५३, फॅट१, कॅस्पेस८, एचरास, नॉच१ ही ओळखीची जनुकं त्यात आहेतच, शिवाय यूएसपी९एक्स आणि एमएलएल४ सारखी नवीही आहेत. आपल्या ओपीडीतला रुग्ण त्या अभ्यासात दिसतो.

एचपीव्हीची खूण मानलेल्या पी१६ या प्रथिनाच्या बाबतीत नवखे हमखास घसरतात, मीही घसरले. परदेशी पाठ्यपुस्तकात एचपीव्हीचं प्रकरण आधी येतं, म्हणून मी गालाच्या गाठींच्या, मेणात जपलेल्या तीस ब्लॉकवर पी१६ चं स्टेनिंग करायचा प्रस्ताव लिहिला. आमच्या पॅथॉलॉजीच्या मॅडमनी एकच प्रश्न विचारला, ‘पॉझिटिव्ह आलं तर काय म्हणणार?’ माझ्याकडे उत्तर नव्हतं. एचपीव्हीचं ई७ प्रथिन पेशीतलं आरबी प्रथिन निकामी करतं, आणि त्यामुळे पी१६ साचतं. टॉन्सिल आणि जिभेच्या मुळाच्या कॅन्सरमध्ये ही खूण भरवशाची आहे. तिथे ७० टक्के किंवा अधिक पेशींत ठळक रंग आला तर पॉझिटिव्ह धरतात, आणि कॅन्सरचा टप्पा ठरवण्याच्या, म्हणजे स्टेजिंगच्या, नियमांच्या आठव्या आवृत्तीत अशा रुग्णांचा तक्ताच वेगळा आहे. गालाच्या गाठीत मात्र पी१६ दिसलं म्हणून एचपीव्ही आहे असं म्हणता येत नाही, त्यासाठी विषाणूचा डीएनए किंवा आरएनए थेट शोधावा लागतो. गाठ नेमकी कुठून उगवली, ते आधी बघा. मार्कर त्यानंतर निवडा.

पीडी-एल१ हे प्रथिन किती पेशींवर आहे ते सांगणारा सीपीएस स्कोअर मोजायलाही शिकून घ्या. इम्युनोथेरपीचा निर्णय त्यावर अवलंबून असतो, आणि गाठीच्या पेशींबरोबर लिम्फोसाइट आणि मॅक्रोफेज या प्रतिकारपेशीही मोजायच्या असल्यानं नजर तयार व्हायला वेळ लागतो. टाटा मेमोरियलनं निव्होलुमॅब या इम्युनोथेरपीच्या औषधाचा नेहमीपेक्षा खूप कमी, फक्त २० मिलिग्रॅमचा डोस वापरून केलेली चाचणी वाचाल तेव्हा औषधाच्या किमतीकडेही बघा. शेती विकून उपचाराला आलेली घरं मी पाहिली आहेत, म्हणून ती चाचणी मला फार मोलाची वाटते.

नमुन्याची काळजी कुणी वेगळी शिकवत नाही. एकदा बाहेरच्या एका दवाखान्यातून शुक्रवारी काढलेली बायोप्सी सलाइनच्या बाटलीत सोमवारी आमच्याकडे आली. ऊतक सडलं होतं. त्या मावशींना पुन्हा सुई, पुन्हा कातरी सोसावी लागली, आणि त्यांच्या सुजलेल्या गालाकडे बघून मला काही बोलवेना. तुकडा लगेच दहा टक्के न्यूट्रल बफर्ड फॉर्मलिनमध्ये, तुकड्याच्या किमान दहापट फॉर्मलिन, आणि बाटलीवर वेळ लिहिलेली. तीन दिवसांपेक्षा जास्त काळ फॉर्मलिनमध्ये राहिलं तर डीएनएचे तुकडे पडतात, सिक्वेन्सिंगला काही उरत नाही.

अभ्यासक्रमाबद्दल थोडंच सांगते. बीडीएस करून ओरल पॅथॉलॉजीत एमडीएस हा एक रस्ता, लाइफ सायन्सेसमधून नेट परीक्षा काढून पीएचडी हा दुसरा. नागपुरात शासकीय दंत महाविद्यालय, मेडिकल (शासकीय वैद्यकीय महाविद्यालय), तुकडोजी कर्करोग रुग्णालय, मिहानमधलं एम्स आणि जामठ्याची नॅशनल कॅन्सर इन्स्टिट्यूट एवढं सगळं एकाच शहरात आहे, रुग्णांसाठी लांब जावं लागत नाही. एथिक्स कमिटीच्या परवानगीला महिने लागतात, अर्ज आधी टाका. शंभर नमुन्यांवर एखाद्या जनुकाची बहुरूपता, म्हणजे माणसामाणसांतला फरक, तपासून ‘धोका दुप्पट’ असं लिहिण्याचा मोह टाळा. एवढ्या लहान संख्येत असे आकडे येतात नि पुढच्या अभ्यासात नाहीसे होतात. आकडेमोडीसाठी आर ही संगणकाची भाषा शिका, टीसीजीएची बरीचशी माहिती फुकट उघडी आहे.

त्या काकाजींसोबत त्यांचा मुलगा यायचा, पंचविशीतला. एक दिवस त्याच्याही खिशातून पुडी डोकावली. तोंड किती उघडतं ते बघायला मी म्हटलं, ‘दादा, तीन बोटं उभी धरून तोंडात घाल बरं.’ दोनच गेली, तिसऱ्याला जबडा अडला. ‘तिखट खाल्लं की जळते,’ तो हळूच म्हणाला. काकाजी त्याच्याकडे बघत राहिले. मी त्याला तसंच दंत महाविद्यालयाच्या ओपीडीत घेऊन गेले. त्याचा नंबर काकाजींच्या फॉर्मच्या मागे लिहिलेला आहे. दर तीन महिन्यांनी मी फोन करते आणि तो बोटं घालून बघून सांगतो. मागच्या वेळी म्हणाला, पुडी सुटली, तिसरं बोट अजून अडतं.