रिप्ले-लॉगचा पॅच तपासताना: खोटा ‘पास’ कसा पकडायचा

वीज अचानक गेली तर फाइलसिस्टिम शाबूत राहते का, हे पडताळण्यासाठी लिनक्स कर्नलच्या ४.१ आवृत्तीपासून (२०१५) डीएम-लॉग-राइट्स (फाइलसिस्टिम आणि डिस्क यांच्यामध्ये बसणारा कर्नलचा थर, म्हणजे ‘टार्गेट’) उपलब्ध आहे. डिस्कवर जाणारं प्रत्येक लेखन ते दुसऱ्या डिव्हाइसवर नोंदवतं. एफएसटेस्ट्स या फाइलसिस्टिम-चाचण्यांच्या संचातला रिप्ले-लॉग हा छोटा सी प्रोग्रॅम त्या नोंदी हव्या त्या टप्प्यापर्यंत पुन्हा लिहितो. त्यात बदल करणारा पॅच (कोडमधल्या बदलांचा प्रस्ताव) समोर आला की प्रोग्रॅम कोसळेल का, ही चिंता दुय्यम. कोसळला तर कुणाच्याही लक्षात येईल. नोंदी गाळून वर शून्य परत देणारा कोड जास्त घातक, कारण चाचण्या हिरव्या दिसतात आणि तपासलेलं काहीच नसतं.

कोड वाचायच्या आधी लॉगची रचना कागदावर काढा. पहिला सेक्टर सुपरब्लॉकचा: मॅजिक (लॉग ओळखायचा ठरलेला आकडा), आवृत्ती, एकूण नोंदी, सेक्टरचा आकार. पुढे प्रत्येक नोंदीला एक अख्खा सेक्टर. त्याच्या सुरुवातीला ३२ बाइट: कुठला सेक्टर, किती सेक्टर, फ्लॅग, डेटाची लांबी, चारही आकडे ६४ बिटी, लिटल एंडियन (सगळ्यात कमी किमतीचा बाइट आधी). मार्क (लॉगमधली नाव दिलेली खूण) असेल तर त्याचं नाव त्याच सेक्टरात, या ३२ बाइटांना लागून. मग डेटा.

अपवाद डिस्कार्डचा, म्हणजे ‘ही जागा आता नको’ असं डिस्कला सांगणाऱ्या नोंदीचा. तिथे सेक्टरांची संख्या असते, पण मागे डेटा नसतो. म्हणून पॅचमध्ये फाइलची जागा पुढे सरकवणारी प्रत्येक ओळ या एका प्रश्नासाठी थांबून वाचा. ५१२ बाइटांच्या सेक्टरवर १ एमबीचं डिस्कार्ड आलं आणि कोडने डेटा आहे असं धरलं, तर तो २०४८ सेक्टर पुढे उडी मारतो. मधल्या खऱ्या नोंदी गेल्या. उडी शून्यांनी भरलेल्या भागात पडली तर आणखी वाईट: सगळी शून्यं म्हणजे ‘शून्य सेक्टरांची नोंद’, ती बिनबोभाट पार होते.

आता परत येणारी मूल्यं. पुढची नोंद रिप्ले करणारं फंक्शन ० देतं तेव्हा नोंद झाली, १ म्हणजे लॉग संपला, उणे १ म्हणजे चूक. ‘शून्य नसेल तर लूपमधून बाहेर’ एवढंच लिहून पुढे यशस्वी म्हणून संपणारा पॅच परत पाठवा. अर्धवट रीड किंवा अर्धवट राइटही चूकच धरायला हवी.

नोंदींचे क्रमांक शून्यापासून, पण लिमिट पर्याय नोंदींची संख्या घेतो. क्रमांक ७० ची नोंद धरून रिप्ले करायचा तर लिमिट ७१ हवं. इथे एकाची चूक झाली की नेमकी शेवटची एफयूए नोंद (कॅशमध्ये न थांबता थेट कायमच्या साठ्यावर जाणारं लेखन) राहून जाते, आणि बहुतेकदा तपासायची तीच असते.

५१२ हा आकडा थेट लिहिलेला दिसला तर हरकत घ्या; आकार सुपरब्लॉकमधूनच यायला हवा. सेक्टर गुणिले आकार हा गुणाकार साध्या इंटमध्ये ठेवला तर २ जीबीला फुटतो. एंडियन बदलणारं फंक्शन विसरलं तर लिटल एंडियन एक्स८६ वर काहीच कळत नाही, बिग एंडियन एस३९० (आयबीएम मेनफ्रेम) वर सगळं बिघडतं.

वाचून झालं की चालवून बघा. अ‍ॅड्रेस सॅनिटायझर (मेमरीच्या चुका पकडणारं कंपायलरचं साधन) लावून बिल्ड करा. १ जीबीचं लूप डिव्हाइस (डिस्कसारखी वापरलेली फाइल) डेटासाठी, दुसरं ३-४ जीबीचं लॉगसाठी. लॉगमध्ये प्रत्येक लेखनाची पूर्ण प्रत जाते, त्यामुळे तो मोठाच लागतो. एमकेएफएस (फाइलसिस्टिम बनवणं), मार्क, थोडं लेखन, एफसिंक (लेखन डिस्कवर पोचवणं), काही फाइली पुसून एफएसट्रिम (मोकळ्या जागेचं डिस्कार्ड), पुन्हा मार्क. मग अनमाउंट करून टार्गेट काढा. काढताना कर्नल ‘डीएम-लॉग-राइट्स-एंड’ हा मार्क स्वतः टाकतं. रिप्ले-लॉग व्हर्बोज (प्रत्येक नोंद छापणाऱ्या) पर्यायासह चालवल्यावर शेवटची नोंद हीच दिसली पाहिजे. नसेल तर प्रोग्रॅम वाटेतच थांबला. जुनी बायनरी एका कोऱ्या डिव्हाइसवर, नवी दुसऱ्यावर, आणि दोन्हींची बाइटगणिक तुलना. हाच प्रयोग ४०९६ बाइटांच्या सेक्टरवर करा. लूप डिव्हाइसला तो आकार देता येतो. शेवटी लॉगची प्रत मधेच कापून द्या आणि बाहेर पडतानाचा कोड शून्य नाही ना बघा.

पॅच फाइलसिस्टिम तपासणीच्या भागाला हात लावत असेल तर आणखी एक गोष्ट पाहावी लागते. फाइलसिस्टिमचा स्वतःचा जर्नल (बदलांची नोंदवही) रिप्ले व्हावा म्हणून मधल्या टप्प्यावर माउंट केलं की डिव्हाइस बदलतं, आणि पुढच्या नोंदी त्या बदललेल्या डिव्हाइसवर पडतात. म्हणून माउंट स्नॅपशॉटवरच, म्हणजे डिव्हाइसच्या त्या क्षणाच्या प्रतीवर. एक्सएफएस या फाइलसिस्टिमला जुना डेटाही चालत नाही: आधीच्या फेरीतला ब्लॉक नव्या एलएसएनसह (जर्नलमधला क्रम सांगणारा आकडा) पडून असेल तर रिकव्हरी त्याला ताजा समजून हात लावत नाही, आणि नसलेलं करप्शन दिसतं. एफएसटेस्ट्समधल्या जेनेरिक/४८२ या चाचणीत डीएम-थिन (स्नॅपशॉट घेता येणारं कर्नलचं टार्गेट) वापरलंय ते यासाठीच.

४५५, ४५७ आणि ४८२ या तिन्ही जेनेरिक चाचण्या चालवा. लॉगसाठीचं डिव्हाइस कॉन्फिगमध्ये दिलेलं नसेल तर त्या ‘नॉट रन’ म्हणून सुटतात, तेव्हा पॅच पाठवणाऱ्याकडून नुसतं ‘सगळं पास’ ऐकून घेऊ नका. निकालाची पूर्ण यादी मागा.